डाव्या टोकाचे दात

६ ऑक्टोबर, सोमवार

बोलावलं मला! चार वर्षं घरी बसवून ठेवलं, आणि आज संग्रहालयाचा शिपाई दारात उभा — "बाईंनी आजींना बोलावलंय. दात निवडायला दुसरं कुणी मिळत नाही."

सून म्हणाली, "आता सत्तरीत कसली नोकरी?" म्हटलं, तुझी भांडी घासते तो काय हवापालट आहे?

दात निवडणारी मी, आणि माझ्या तोंडात स्वतःचे पाच. बाकी कवळी.

नातीची जुनी वही घेतली आहे. पुढची पानं गणिताची, सगळी चुकलेली. मागची कोरी. माझी शाळा चौथीपर्यंत, तेवढ्यात जे जमेल ते लिहिते. कुणी वाचायचं नाही. वाचलंच तर नंतर माझ्यापुढे तोंड वाकडं करायचं नाही.

७ ऑक्टोबर

खोली आहे तशीच. तळमजल्याचं मागचं टोक. एक खिडकी, तीही भिंतीकडे बघत बसलेली. माझं टेबल. टेबलाच्या डाव्या कडेला स्क्रूने आवळलेला दिवा. समोर दगडांचं काचेचं कपाट. दाराबाहेर बोळात हात धुवायचं बेसिन, नळ अजून टपकतो. स्टूलसुद्धा तेच — एक पाय आखूड, त्याखाली मी घातलेली पुठ्ठ्याची घडी तशीच! माणसं बदलली, पुठ्ठा टिकला.

कामही तेच. खोदकामावरून मातीची पोती येतात. माती भिजवायची, चाळणीवर धुवायची, वाळवायची. मागे उरते रेव. ती काळ्या ताटलीत चिमूटभर पसरून भिंगाखाली निवडायची. कासवाच्या पाठीची कपची, माशाचा दात, सरड्याचा दात, मगरीचा दात — ओल्या ब्रशाच्या टोकाने उचलायचं आणि ज्याच्या त्याच्या डब्यात. चांगला दात असला तर टाचणीच्या माथ्यावर डिंकाचा ठिपका देऊन त्यावर आडवा चिकटवायचा, टाचणी बुचात खोचायची. कोट्यवधी वर्षांपूर्वीची जनावरं ही. कुणाचाच आता मागमूस नाही, दात तेवढे उरलेत.

मी इथे झाडू मारायला लागले होते. मोठ्या साहेबांनी एकदा दुपारच्या सुट्टीत मला तांदळातले खडे निवडताना पाहिलं आणि झाडू काढून ब्रश हातात दिला. एवढंच माझं शिक्षण. साहेब गेले, सहा वर्षं झाली.

आता ही नवी बाई आहे. चष्मेवाली. केसांत पेन्सिल खोचते आणि दिवसभर पेन्सिल शोधते. मला "आजी" म्हणते. स्वभावाने बरी आहे. अजून तरी.

९ ऑक्टोबर

बाईने कापसात गुंडाळलेली एक वस्तू पुढे ठेवली. जबडा! माझ्या अंगठ्याएवढा, आणि दात जागच्या जागी. माझ्या उभ्या जन्मात सुटे दातच आले हाताला, जबडा कधी नाही.

पुढे टोकदार दात. दोन बाजूंना धार, अंगावर बारीक उभ्या रेघा. मगर — आंधळाही चाचपून सांगेल. पण मागे? मागे दाढा! तांदळाच्या दाण्याएवढ्या. मधे एक उंच टोक, भोवती बारकी बारकी टोकं.

"मगरीचीच नातलग आहे, आजी," बाई म्हणाली. "पण पाण्यातली नाही. मांजराएवढी, जमिनीवर तुरुतुरु चालायची. चावून खायची."

"मगर चावून खाते होय?"

"ही खायची. वंश संपला तिचा. जुन्या डब्यांत असल्या सुट्या दाढा नक्की असतील. कुणीतरी सरड्याच्या डब्यात टाकल्या असतील. सगळं पुन्हा निवडायचं. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

कुणीतरी टाकल्या असतील म्हणे. मी चष्मा पुसत बसले. पुसायला काही नव्हतं त्याच्यावर.

१० ऑक्टोबर

जेवण गेलं नाही. सुनेला वाटलं, भाजीला नाव ठेवलं.

१३ ऑक्टोबर

पहिला जुना डबा उघडला. बुचात ओळीने टाचण्या, टाचण्यांवर दात. माझ्या हातचे कुठले ते लगेच कळलं — टोक उजवीकडे. मी उजव्या हाताने चिकटवते, टोक आपोआप उजवीकडे जातं. आणि मधे मधे डावीकडे टोक असलेले.

थोरली.

माझी लेक. तेवीस वर्षांपूर्वी तिला इथेच लावली होती, माझ्या शेजारी. वीस वर्षांची होती. डावखुरी. मी किती मारलं त्या हातावर! ब्रशाच्या दांड्याने. "उजव्या हाताने धर!" ती म्हणायची, "आई, मग दिवा तरी उजवीकडे लाव. माझ्याच हाताची सावली पडते ताटलीवर." मी म्हणायचे, दिव्याला नाही, तुला वळण लावायचंय.

दिवा नाही हलवला. तीही नाही हलली.

आणि आज तिच्या हातच्या टाचण्या माझ्यापुढे, सगळ्या डावीकडे तोंड करून. एकीनेही माझ्याकडे बघितलं नाही.

१४ ऑक्टोबर

बाईला आज शिकवलं — हो, मी तिला! मगरीचा दात उलटा करून बुडाशी बघायचं. बुडाला खड्डा असेल, मूळ नसेल, तर तो पडलेला दात. खालून नवा आला आणि त्याने जुन्याला ढकलला. मूळ शाबूत असेल तर तो दात जनावर मेल्यावर निखळला. बाई हसली, म्हणाली, "आजी, हे पुस्तकात आहे." असू दे. मला पुस्तकाने नाही सांगितलं.

पडलेला दात सापडला की मला बरं वाटतं. म्हणजे त्या दिवशी ती जिवंत होती. दात टाकला, पुढे गेली, नव्या दाताने जेवली. कुठे गेली ते माहीत नाही. पण जेवली.

१६ ऑक्टोबर

लिहून टाकते. छातीवर धोंडा ठेवून किती दिवस फिरायचं?

असली पहिली दाढ थोरलीला सापडली होती. तिने ती मगरीच्या डब्यात ठेवली. मी म्हटलं, अगं बाई, मगरीला दाढ असते का? सरड्याची असेल. ती म्हणाली, "आई, रेघा बघ. टोकदार दातावर जशा बारीक रेघा आहेत, तशाच दाढेवर. कापड एकच, शिलाई वेगळी." मी म्हटलं, चार दिवस झाले नाहीत आणि साहेबाला शिकवणार! हसतील लोक. म्हणतील, आईने लेकीला चिकटवली आणि लेकीला मगर कळेना.

ती ऐकेना. रोज आपल्या दाढा मगरीच्या डब्यात ठेवायची, रजिस्टरात आकडा लिहायची — मगर इतके, सरडा इतके — आणि बेसिनवर हात धुवायला जायची. ती तिकडे गेली की मी तिच्या टाचण्या उपसायचे आणि सरड्याच्या डब्यात खोचायचे. रोज! महिनाभर. तिची चूक झाकते असं मला वाटत होतं. आईच ना मी.

महिनाअखेरीला साहेबांनी मगरीच्या डब्यांतल्या तेवढ्या तिच्या टाचण्या मोजल्या. रजिस्टरात एका आठवड्याच्या पानावर मगर सतरा, डब्यात सहा. पुढच्या पानावर एकवीस, डब्यात नऊ. साहेब तिला म्हणाले, "आकडे फुगवतेस? काम जास्त दिसावं म्हणून?" ती साहेबांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. आणि माझी दातखीळ बसली होती.

नवरा अंथरुणाला खिळलेला. धाकट्याची शाळा. माझी नोकरी गेली असती तर घर बसलं असतं. हे सगळं खरं. पण त्या क्षणी मनात यातलं काहीच नव्हतं. मनात एवढंच होतं — साहेब मला काय म्हणतील!

थोरलीला त्याच दिवशी काढलं. पंधरवड्याने ती दुसऱ्या गावी गेली. तिथेच काम, तिथेच लग्न, तिथेच मुलं. वडील गेले तेव्हा आली होती, तीन तास. मी म्हटलं, जेवून जा. ती म्हणाली, "गाडी आहे."

१९ ऑक्टोबर, रविवार

रविवारी ती धाकट्याला फोन करते. तो फोन घेऊन गॅलरीत जातो, दार ओढून घेतो. मी ओट्याशी असते. नळ बंद करते. कुकर चालू असेल तर गॅस बारीक करते. एवढं करून कानावर काय पडतं? "हं." "अच्छा." "बघतो." माझा मुलगा! बायकोशी भांडताना सबंध गल्लीला ऐकू जातो, आणि बहिणीशी बोलताना नुसतं हं!

त्याच्या "हं" वरून ओळखायचं. आज सात वेळा हं आणि एकदा हसला. म्हणजे बरी आहे.

२१ ऑक्टोबर

सरड्याच्या डब्यांत आतापर्यंत चौतीस दाढा निघाल्या. एकूण एक डाव्या टोकाच्या. मला एकही ओळखता आली नव्हती. जी ओळखली ती तिने.

२२ ऑक्टोबर

बाई जेवायला गेली तेव्हा खोलीचं दार लोटलं. ब्रश डाव्या हातात धरला आणि बसले. बघू तरी!

काही दिसत नाही. दिवा डावीकडे, हात डावीकडे. ताटलीवर नुसती सावली. मान वाकडी करावी तेव्हा कडेला बोटभर उजेड. आणि या अंधारात पोरीने दाण्याएवढ्या दाढेवरच्या रेघा वाचल्या.

दिवा हलवून बघावा म्हटलं. स्क्रू गंजून बसलाय. नख तुटलं.

२४ ऑक्टोबर

माशी शिंकलीच. बाईला जुनं रजिस्टर सापडलं. त्यात साहेबांच्या हातचा शेरा — "या मुलीचे आकडे खोटे. विश्वास ठेवू नये." खाली लाल रेघ.

बाई डोक्याला हात लावून बसली. "आजी, सगळ्या दाढा हिच्याच डब्यांतल्या! आणि ही तर खोटं लिहायची. कुठल्या पोत्यातला दात कुठे ठेवला, काय भरवसा? मला या चौतीसच्या चौतीस बाजूला काढाव्या लागतील. जबडा एकटा पडणार."

मग म्हणाली, "कोण होती ही? तुम्ही तेव्हा इथेच होतात ना?"

मी म्हटलं, "होती एक."

होती एक!! नऊ महिने पोटात, वीस वर्षं घरात, आणि होती एक! आपलेच दात आपलेच ओठ म्हणतात. आज दुसऱ्यांदा चावले मी.

२५ ऑक्टोबर

नातीने विचारलं, "आजी, तू सारखी भिंतीकडे बघून तोंड का हलवतेस?" म्हटलं, कवळी बसवतेय. खरं तर पाठ करत होते. बाईला काय सांगायचं ते.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सांगितलं.

बसूनच सांगितलं. बाई, ती माझी लेक. आकडे तिचे खरे होते. टाचण्या मी हलवल्या. रजिस्टर बरोबर, डबे चूक. साहेबांनी तिला काढलं तेव्हा मी इथेच उभी होते, हातात ताटली घेऊन.

बाईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता मला काढणार. काढू दे. पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, तयारीने.

मग म्हणाली, "हे सिद्ध कसं करायचं, आजी? तुम्ही आई आहात. लोक म्हणतील, लेकीची बाजू घेते."

मी म्हटलं, तेव्हा घेतली असती तर आज ही वेळ आली नसती. आणि डबा ओढला. टोकं दाखवली. डावी कुणाची, उजवी कुणाची. "आता रजिस्टर घ्या. सतरा लिहिलेत ना त्या आठवड्यात? त्या आठवड्याचे दोन्ही डबे आणा. डाव्या टोकाच्या टाचण्या मोजा. मगरीतल्या सहा. सरड्यातले दात राहू द्या, नुसत्या दाढा मोजा."

अकरा!

पुढचं पान. एकवीस. नऊ आणि बारा.

पाच वाजेपर्यंत मोजत होतो आम्ही. पान न् पान जुळलं. एकही आकडा फुगवलेला नाही. बाईच्या केसांतली पेन्सिल खाली पडली, तिला पत्ता नाही. मी "कापड एकच, शिलाई वेगळी" हेही सांगितलं. ते तिने दोनदा बोलायला लावलं आणि लिहून घेतलं.

निघताना म्हणाली, "आजी, मी जे लिहीन त्यात त्यांचं नाव पहिल्यांदा येईल. दाढ मगरीची हे ओळखणारी म्हणून." मग जरा थांबून, "तुमचं काय लिहू?"

म्हटलं, लिहा — आडवी आली.

२८ ऑक्टोबर

बाईने शेऱ्यावर काट मारली नाही. साहेबांचं अक्षर आहे, खोडायचं नसतं म्हणे. त्याच्याखाली नवा शेरा लिहिला — आकडे तपासले, सर्व बरोबर. तारीख, सही. मी तीन वेळा वाचला. काही वाचायचं राहिलं असेल म्हणून नाही. उगाच.

३० ऑक्टोबर

आता तिला सांगायला हवं. धाकटा म्हणाला, "फोन लावून देतो, बोल." नको. फोनवर मी भांडते. मला माहीत आहे ना मी! ती "हॅलो" म्हणेल आणि मी म्हणेन, तेवीस वर्षांत आईची आठवण नाही झाली? झालं मग!

पत्र लिहायला घेतलं. चार कागद फाडले. पहिल्यात नवऱ्याचं आजारपण, दुसऱ्यात धाकट्याची शाळा. कारणंच कारणं! चुलीत घाला ती कारणं. शेवटी एवढंच राहिलं —

"तुझ्या टाचण्या मी हलवल्या होत्या. रोज. तू हात धुवायला गेलीस की. दाढा मगरीच्याच निघाल्या. जबडा सापडला आहे. रजिस्टरात तसं लिहून घेतलं आहे. मी तेव्हा बोलले नाही. आई."

माफ कर असं लिहिलं नाही. ते तिचं काम, मी कशाला सांगू?

पाकिटावर पत्ता धाकट्याने घातला. पत्र वाचलं नाही त्याने. की वाचलं? डोळे का लाल होते मग? कांदा चिरत नव्हता.

२ नोव्हेंबर, रविवार

फोन आला नाही.

६ नोव्हेंबर

पोचलं असेल. चार दिवसांत पोचतं.

आज एक मोठा दात मिळाला. बुडाला खड्डा, मूळ नाही. बाईला दाखवला नाही लगेच. तासभर ताटलीच्या कडेला ठेवून घेतला.

९ नोव्हेंबर, रविवार

फोन नाही. सून म्हणाली, "आई, नळ बंद का केलात? भांडी तशीच पडलीत." म्हटलं, पाणी वाचवते.

१३ नोव्हेंबर

गेल्या रविवारी धाकट्याने आपणहून तिला लावला होता म्हणे. उचलला नाही. हे मला नातीने सांगितलं. त्याची हिंमत नाही झाली.

घासाघासाला आठवते. लहानपणी ती भाताचं शीत डाव्या हाताच्या बोटावर घेऊन उजेडात धरायची, फिरवून फिरवून बघायची. मी चापट मारायचे — जेव! काय बघत होती ती? विचारलं नाही कधी. आता विचारावंसं वाटतं. काय बघायचीस गं?

१६ नोव्हेंबर, रविवार

फोन आला. धाकट्याने तो माझ्या हातात दिला आणि स्वतःच गॅलरीत गेला. दार ओढून घेतलं.

"पत्र मिळालं," थोरली म्हणाली. "पण त्यात नवीन काय लिहिलंस? मला तेव्हाच माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"बेसिनपाशी उभं राहिलं की आतल्या कपाटाच्या काचेत तुझं टेबल दिसतं, आई. रोज दिसायचीस. माझ्या टाचण्या उपसताना."

"मग साहेबांना बोलली का नाहीस?"

"तुला काढलं असतं. मला दुसरीकडे कुठेही काम मिळालं असतं. तुला कोण देणार होतं?"

"अगं मग ही तेवीस वर्षं —"

"तू सांगशील म्हणून थांबले होते."

नळ मी बंद केला होता, म्हणून तिचा श्वास ऐकू आला.

"शनिवारी येते," ती म्हणाली. "जबडा बघायला हं. तुला नाही." आणि ठेवता ठेवता, "दिवा अजून डावीकडेच आहे का गं?"

"छे! कधीच हलवला."

खोटं बोलले. धाकट्याची पक्कड पिशवीत टाकली आहे.